केलसाहेबांना श्रद्धांजली

मुलुंड पूर्वेला सुबोध गावडे यांचे अकरावी-बारावी सायन्सचे क्लासेस आहेत. रविवारी सकाळी तिथे विद्यार्थी नसतात. तेव्हा त्याच बाकांवर 'फार मून्स रसिक गट' बसतो. सभासद चौदा. सगळे पंचविशी ते चाळिशीतले, म्हणजे बाकात गुडघे मावत नाहीत अशा वयाचे. सुबोधसर स्वतः फिजिक्स शिकवतात, त्यामुळे गटात सर्वांत जास्त त्रास त्यांनाच होतो.

'फार मून्स' ही अंतराळातली परदेशी मालिका. सात सीझन झाले. तिच्यात बावीस चंद्र आहेत आणि प्रत्येक चंद्रावर कोणी ना कोणी फरार आहे. या फरार मंडळींना पकडून देऊन इनाम घेणाऱ्या माणसाचं नाव झॅरो केल. अशा माणसाला इंग्रजीत बाउंटी हंटर म्हणतात. केल फारसं बोलत नाही. पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत तो चिलखतात असतो. सात सीझनमध्ये त्याने शिरस्त्राण एकदाही काढलेलं नाही, जेवायलासुद्धा नाही. सातव्या सीझनच्या शेवटच्या भागात तो ओर्बा नावाच्या एका फराऱ्याच्या मागे धावताना उकळत्या धातूच्या विवरात पडतो. पडदा काळा होण्याआधी त्याच्या शिरस्त्राणावरचा निळा दिवा दोनदा लुकलुकतो. संपलं. पुढे तीन वर्षं कंपनीने अवाक्षर काढलेलं नाही.

कंपनी गप्प बसली म्हणून मुलुंड गप्प बसेल असं नव्हे. गटात दोन पक्ष पडले होते. एक जिवंतवाले, दुसरे मयतवाले.

जिवंतवाल्यांचा पुढारी मिथुन मयेकर. वय तेहतीस. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन. मयतवाल्यांची पुढारी संघमित्रा भालेराव. ही वॉर्ड ऑफिसात मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. त्यामुळे कोण मेलं आणि कोण नाही या विषयात तिचा शब्द वजनदार होता.

"अगं, दिवा दोनदा लुकलुकला. दोनदा!" मिथुन म्हणायचा. "मेलेला माणूस दोनदा लुकलुकतो का?"

"तुझ्या लिफ्टमधला दिवा लाइट गेल्यावर लुकलुकतो ना?"

"तो बॅटरी बॅकअप असतो."

"मग झालं तर. केल गेला, बॅटरी राहिली."

"आणि ते काम? सात सीझनमध्ये त्याने घेतलेलं एक काम अर्धवट सोडलंय का? एक दाखव. तो ओर्बा अजून मोकळा फिरतोय. त्याला पकडल्याशिवाय केल मरूच शकत नाही."

"मिथुन, माझ्या खिडकीवर ज्यांचे कागद येतात ना, त्या सगळ्यांचीच कामं अर्धवट असतात. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले, म्हणजे त्यांचे कागद आले. घराला अर्धाच रंग काढून झाला होता."

यावर सुबोधसर खडू घेऊन फळ्याकडे जायचे. धातू उकळतो तेव्हा साधारण किती अंश तापमान असतं ते लिहायचे. "चिलखत टिकेल, हे मी मान्य करतो," ते म्हणायचे. "पण आत जे काही असेल ते—"

"सर, आत काय असेल ते नका ना सांगू," असं कोणीतरी म्हणायचं, आणि सर खडू ठेवून द्यायचे.

मिथुनला हा वाद परवडणारा नव्हता, कारण त्याच्या घरी चिलखत होतं.

तीन वर्षं खपून त्याने ते स्वतः बनवलं होतं. मोडीत काढलेल्या लिफ्टच्या स्टीलच्या पत्र्यांचं छातीपासून पोटरीपर्यंतचं काम. केलच्या छातीवर सात दिव्यांची उभी ओळ असते. तिथे मिथुनने लिफ्टची बटणं बसवली होती, तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत. दाबली की लाल पेटायची. सगळ्यात खाली धोक्याची घंटा होती, तीही चालू. शिरस्त्राण आईच्या दोन कळशा कापून केलेलं होतं. आईला एका कळशीची कल्पना देण्यात आली होती.

नाहूर स्टेशनजवळच्या त्यांच्या एका खोलीच्या घरात हे चिलखत मोरीच्या बाजूला उभं असायचं. बरोबर जिथे वॉशिंग मशीन यायचं होतं तिथे. मिथुनची आई माणिक तीन वर्षं कपडे हाताने धूत होती आणि ओले मोजे केलच्या खांद्यावर वाळत घालत होती. फडकं मारताना चुकून घंटा वाजली की शेजारची बाई दार उघडून विचारायची, "काय गं, अडकली का कोण?"

आईशी मिथुनचा एक करार होता. "आई, तो येईपर्यंत. नवा सीझन आला की मोठा मेळावा भरणार, त्यात मी घालणार. मग तू म्हणशील तसं."

"येईपर्यंत ना?" माणिक म्हणाली होती. "ये म्हणावं लवकर. माझी मनगटं गेली."

म्हणजे केल जिवंत, तर चिलखत घरात. केल मयत, तर मशीन घरात. बाकीच्या तेरा जणांसाठी हा आवडीचा विषय होता. मिथुनसाठी हा तीन फूट बाय अडीच फूट जागेचा प्रश्न होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी वाद हाताबाहेर गेला. मिथुन संघमित्राला 'यमाची हेडक्लार्क' म्हणाला. संघमित्रा त्याला 'भंगाराचा प्रवक्ता' म्हणाली. डस्टर कोणी फेकला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो सुबोधसरांना लागला. सर खडूच्या धुरळ्यात उभे राहून म्हणाले, "पुढच्या रविवारी सभेला अध्यक्ष असेल तर खोली मिळेल. बाहेरचा, वयस्कर आणि ज्याने ही सीरियल बघितलेली नाही असा."

"माझे आजोबा रिकामेच आहेत," अपूर्वा परब म्हणाली. ही गटात सगळ्यांत धाकटी. तिला जो शेवटचा बोलेल त्याचं पटत असे.

अपूर्वाचे आजोबा दशरथ परब. वय बहात्तर. गिरणी चालू होती तोवर बॉयलरवर होते. गिरणी गेली, मग सत्तावीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. आता बिल्डिंग पुनर्विकासाला गेलेली, सभासद भाड्याच्या घरांत पांगलेले, कमिटीला काम नाही. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं एकही रविवार सभेशिवाय काढला नाही, तो आता भाजी कुठली करायची यावर सूचक आणि अनुमोदक मागू लागला होता. सून कंटाळली होती. अपूर्वाने विचारलं तेव्हा परबांनी एवढंच म्हटलं, "नोटीस सात दिवस आधी जायला हवी." आणि ते कपाटातून नवीन रजिस्टर काढायला गेले. कोरं रजिस्टर कपाटात तयारच होतं.

सभेला येताना अपूर्वाने रिक्षात त्यांना सगळी कथा सांगितली. मुलुंड पश्चिमेहून पूर्वेला येईपर्यंत सहा सीझन झाले. उड्डाणपुलावर ट्रॅफिक लागला म्हणून सातवाही बसला.

"म्हणजे हा वॉरंट बजावणारा," परब म्हणाले. "कायम की कंत्राटी?"

"कंत्राटी, आजोबा. मग तो शेवटी उकळत्या धातूच्या खड्ड्यात पडतो आणि—"

"पडला?"

"पडला."

परब बॉयलरवरचे. भट्टीत पडलेल्या माणसाबद्दल त्यांना पुढे काही विचारायची गरज वाटली नाही. ते डोळे मिटून बसले. अपूर्वाला वाटलं, त्यांना झोप लागली.

सभा बरोबर साडेदहाला सुरू झाली. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या. परब सरांच्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि त्यांनी विषयपत्रिका उघडली.

"विषय क्रमांक एक. मागील सभेनंतर दिवंगत झालेल्यांना श्रद्धांजली."

ही पहिली सभा होती. मागील सभा असा काही प्रकार नव्हता. पण परबांनी सत्तावीस वर्षांत एकही सभा या विषयावाचून सुरू केलेली नव्हती.

"कैलासवासी झॅरो केलसाहेब यांच्या दुःखद निधनाने आपल्या गटात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे," परब उभे राहून म्हणाले. आवाज गंभीर आणि सराईत होता. "केलसाहेब अत्यंत मनमिळाऊ होते. हसतमुख होते. सर्वांच्या सुखदुःखात ते धावून जात."

केलने सात सीझनमध्ये एकशे अठरा माणसं गोळी घालून पाडली होती आणि त्याचं मुख कोणीही पाहिलेलं नव्हतं. धावून तो जात असे, हे खरं.

"आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

चौदाही जण उभे राहिले. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. शाळेत, ऑफिसात, सोसायटीत, मंडळात हे शब्द कानावर पडले की गुडघे आपोआप सरळ होतात. मिथुनचेही झाले. मान खाली, हात पुढे एकावर एक. एक मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं. आणि मग मिथुनच्या लक्षात आलं की आपण काय करतोय.

पण श्रद्धांजलीत बोलता येत नाही. तो लाल झाला. समोर संघमित्रा मान खाली घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ते दुःखाने नव्हे, हे त्याला दिसत होतं. उरलेली तीस सेकंदं तो तसाच उकळत उभा राहिला.

"बसा," परब म्हणाले आणि लिहू लागले. "ठराव एकमताने मंजूर."

"मी विरोधात आहे!" मिथुन ओरडला.

"आपण उभे होतात ना?"

"हो, पण मी चुकून—"

"सन्माननीय सभासद, शोकप्रस्तावाला विरोध करायचा तर बसून राहावं लागतं. सत्तावीस वर्षांत एकच गृहस्थ बसून राहिले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. तसं मी इतिवृत्तात नमूद केलंय." परबांनी पान उलटलं. "विषय क्रमांक दोन. केलसाहेब जिवंत आहेत की कसे." ते थांबले. एकदा आधीच्या पानाकडे, एकदा या पानाकडे पाहिलं. "विषय क्रमांक एकमुळे विषय क्रमांक दोन निकाली निघाला. सभा संपली असे जाहीर करतो."

तीन वर्षांचा वाद अकरा मिनिटांत मिटला होता. संघमित्राने घरी जाताना पेढे घेतले.

खरी वाट पुढे लागली. परबांची पद्धत अशी की इतिवृत्ताची प्रत प्रत्येक सभासदाच्या घरी हातोहात पोचवायची आणि पोच म्हणून सही घ्यायची. अपूर्वा म्हणाली, ग्रुपवर फोटो टाकू या. परब म्हणाले, फोटोवर सही कशी घेणार? मंगळवारी दुपारी ते स्वतः नाहूरला गेले. मिथुन कांजूरमार्गला कुठल्याशा टॉवरच्या लिफ्टवर लटकत होता. दार माणिकने उघडलं. पाणी दिलं, चहा ठेवला आणि कागद वाचला.

"कैलासवासी," तिने मोठ्याने वाचलं. मग मोरीकडे पाहिलं. "म्हणजे नक्की?"

"एकमताने, बाई."

"आमचा मिथुन पण?"

"त्यांची सही आहे हजेरीला."

माणिकने पोच दिली. परब गेल्यावर तिने केलच्या खांद्यावरचे मोजे काढून त्यांची घडी केली. मेलेल्या माणसाच्या अंगावर ओले कपडे बरे दिसत नाहीत. मग तिने मशीनवाल्याला फोन लावला.

रात्री मिथुनने हात जोडले. "आई, तो ठराव चुकून झालाय गं. रविवारी मी रद्द करून घेतो."

"घे की. मीपण येते. हे धूड पण घेऊन येते. रद्द झाला तर परत आणू, नाही झाला तर तिथूनच भंगारात. दोनदा जिना नको."

"तू कशाला सभेत?"

"का? तुझे ते अध्यक्ष चहा पिऊन गेलेत माझ्याकडचा. मी बसणार."

रविवारी माणिक, मिथुन आणि चिलखत एका रिक्षातून मुलुंडला आले. खड्ड्यात रिक्षा आदळली की घंटा वाजायची आणि रिक्षावाला ब्रेक मारायचा. क्लासच्या गेटवर तिने ठरवलेला भंगारवाला हातगाडी लावून उभाच होता. चिलखत त्याच्याजवळ ठेवून ती वर आली आणि पहिल्या बाकावर बसली. हजेरीपत्रकावर 'निमंत्रित' असा रकाना आखून परबांनी तिची सही घेतली.

"विषय क्रमांक एक," परब म्हणाले. "मागील सभेनंतर दिवंगत झालेल्यांना..." चौदा जणांनी श्वास रोखला. "...कोणी नाही."

मिथुन लगेच उठला. "अध्यक्षमहाराज, मागच्या वेळचा शोकप्रस्ताव रद्द करावा असा मी ठराव मांडतो."

"रद्द?" परबांनी चष्मा काढला. चिडले की त्यांची मालवणी वर यायची. "श्रद्धांजली रद्द? अरे बाबा, वाह्यलेली श्रद्धांजली परत कशी घेतलंस तू? सत्तावीस वर्षांत माझ्या इतिवृत्तात एक काना खोडला नाय मी."

"पण माणूस जिवंत आहे, काका!"

"मिथुन, तीन वर्षं झाली रे," संघमित्रा म्हणाली. आज ती जरा मायेने बोलत होती, जिंकलेल्या माणसाला ते परवडतं. "सोड आता. मावशी, तुम्ही सांगा ना त्याला."

"मी काय सांगू?" माणिक म्हणाली. "मला मशीन ठेवायचंय. भंगारवाला खाली उभा आहे. तुम्ही कागदावर सही-शिक्का करून टाका, म्हणजे हा उद्या मला बोलायला नको. कसा मेला म्हणालात?"

"खड्ड्यात पडला. उकळत्या धातूच्या."

"आणि बाहेर कधी काढला?"

"बाहेर नाही काढला."

"म्हणजे? बॉडी?"

"बॉडी नाही दाखवली, मावशी."

माणिकने पदर खोचला. "दाखवली नाही म्हणजे? मग मेला कोण म्हणालं?"

अपूर्वा हळूच म्हणाली, "म्हणजे, दिसत नाहीये ना तो तेव्हापासून..."

"दिसत नाही तो मेला? अगं, माझा भाऊ चार वर्षं दिसत नाही, विरारला राहतो." माणिक आता पुरती उठून उभी राहिली होती. तिचं माहेर वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली तरी राग आला की बोली माहेरची व्हायची. "माजा बापूस होडीवर गेला तवा मी नऊ वर्षांची. इंजिन बंद पडला, होडी वाऱ्याबरोबर गेली. आठ दिस झाले, पत्ता नाय. गावानं ठरवला, बुडाला. आई बोलत होती, थांबा. कोण थांबतंय? दिवस घातले. बाराव्याला दोनशे पानं बसली अंगणात. आणि दुपारी एक वाजता माजा बापूस बस स्टॉपवरनं चालत आला."

"काय सांगता!" परब म्हणाले.

"होडी गुजरातला लागली होती. तिकडच्या लोकांनी जेवू-खाऊ घालून गाडीत बसवलं. दारात येऊन विचारतो, कोण गेला? स्वतःचा फोटो बघितला, हार बघितला. मग तो पाय धुवून पंगतीत बसला. दोनदा भात घेतला. मीठ कमी आहे म्हणाला."

मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं, पण माणिक हसत नव्हती.

"हसू नका. हसण्यासारखा तो भाग नाहीच. त्याचे सगळे कपडे वाटून टाकले होते. मेलेल्याचे घरात ठेवू नये म्हणून. आमच्याकडे होतं काय तेव्हा? तीन शर्ट आणि एक कोट. कोट लग्नातला. नंतर सहा महिने माझा बापूस लोकांच्या शर्टात फिरला आणि त्याचा कोट घालून आमचा एक शेजारी समोरनं जायचा. मागणार कसा? दिलेला होता. आई मरेपर्यंत बोलत होती, माणूस बेपत्ता आहे तोवर त्याच्या कपड्याला—"

माणिक थांबली.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. खाली गेटजवळ स्टीलचं चिलखत उन्हात चमकत होतं. भंगारवाल्याने सहज म्हणून तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं होतं, ते लाल पेटलेलं वरूनही दिसत होतं.

मिथुनने श्वास घेतला, पण तो बोलला नाही. तेहतीस वर्षांत आईसमोर कधी गप्प बसावं एवढं तो शिकला होता.

"तोंड तरी बघितलं का त्याचं कोणी पडताना?" माणिकने विचारलं. आवाज आता खाली आला होता. सुटका शोधणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. बघितलं, असं कोणीतरी म्हणावं, अशी तिची इच्छा असावी.

"त्याचं तोंड कधीच कोणी बघितलेलं नाही, मावशी," संघमित्रा म्हणाली. "तो टोपडं काढतच नाही."

"मग पडला तो तोच कशावरून?"

सात सीझन, तीन वर्षं, दीडशे रविवार, ग्रुपवर चौदा हजार मेसेज, दिव्याच्या लुकलुकण्याचं एक-एक फ्रेम काढून केलेलं पृथक्करण. आणि हा प्रश्न एकालाही पडलेला नव्हता.

"आयला," सुबोधसर म्हणाले. सर क्लासमध्ये हा शब्द वापरत नाहीत.

"सातव्या सीझनच्या चौथ्या भागात तो चिलखतासकट आंघोळीला जातो," अपूर्वा उभी राहून किंचाळली. "दार बंद! बाहेर आला तो कोण?"

मग सगळे एकदम बोलू लागले. परबांनी डस्टर टेबलावर आपटला, धुरळा उडाला, तरी कोणी थांबेना. जिवंतवाले कोण आणि मयतवाले कोण हे कळायची सोय राहिली नाही. शेवटी परब खुर्चीवर चढण्याच्या बेतात आहेत हे पाहून सगळे बसले.

"भालेरावबाई," परब म्हणाले, "आपण खात्यातल्या. आपलं मत नोंदवा. बॉडी नाही, तोंड पाहिलेलं नाही. आपल्या खिडकीवर हा कागद आला तर आपण दाखला द्याल का?"

संघमित्राने मिथुनकडे पाहिलं. तिच्या पक्षातले सहाही जण तिच्याकडे पाहत होते. एक शब्द पुरेसा होता. ती बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"अगं संघमित्रा!" मागून कोणीतरी कळवळलं.

"नाही म्हणजे नाही! गट गेला चुलीत. नऊ वर्षं बसतेय मी त्या खिडकीवर. डॉक्टरच्या सहीच्या फॉर्मशिवाय मी माझ्या सख्ख्या काकांना थांबवून ठेवलं होतं. बॉडी नसेल तर कोर्टाचा हुकूम आणायचा. तोही माणूस बेपत्ता होऊन सात वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही."

"सात," परबांनी लिहून घेतलं. "झाली किती?"

"तीन."

"राहिली चार." त्यांनी चार हा आकडा गोल केला. माणिकने डोळे मिटले.

"पण काका, झालेल्या श्रद्धांजलीचं काय?" मिथुनने विचारलं. तो आता नम्र झाला होता.

परबांनी पेन खाली ठेवलं. काना खोडायचा नव्हता आणि जिवंत माणसाला कैलासवासी ठेवायचंही नव्हतं. सत्तावीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. ते खिडकीबाहेर बघत राहिले. दोन मिनिटं झाली असतील. सगळे बसूनच होते. मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"मागील सभेत वाहण्यात आलेली श्रद्धांजली ही आगाऊ समजण्यात यावी. केलसाहेब भविष्यात दिवंगत झाल्यास पुन्हा उभं राहण्याची आवश्यकता नाही. तोपर्यंत ते बेपत्ता असल्याचं ही सभा जाहीर करते. सूचक?"

"मी," संघमित्रा म्हणाली.

"अनुमोदक?"

कोणी काही म्हणायच्या आत माणिकने हात वर केला. मग तो आपला हात आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती त्याच्याकडे जरा रागाने पाहत राहिली. निमंत्रितांना अनुमोदन देता येत नाही, हे परबांना पाठ होतं. त्यांनी तिचं नाव लिहिलं.

मायलेक जिना उतरून खाली आले. भंगारवाल्याने शिरस्त्राण उलटं करून काट्यावर ठेवलं होतं आणि तो वजन बघत होता.

"रहने दो, भाई," माणिक म्हणाली. "नहीं देना है."

"अरे माँजी, सुबह से खड़ा हूँ. आपही ने बोला आदमी गुजर गया, सामान निकालना है."

"गुजरा नहीं. वो लोगों का गलती हुआ. खोया है."

भंगारवाल्याचा हात थांबला. त्याने वर एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मिथुनकडे. "कितना टाइम हुआ?"

"तीन साल."

"पुलिस में दिया?"

माणिकने वरच्या मजल्यावरच्या क्लासकडे बोट दाखवलं. "ये ऊपर वाले सब देखते हैं ना," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. शिरस्त्राण काट्यावरून उचललं, खांद्यावरच्या फडक्याने आतून-बाहेरून पुसलं आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं. "आ जाएगा, माँजी. मेरा चाचा ग्यारह साल में आया था. कपड़ा संभालके रखना."

"हां," माणिक म्हणाली. शिरस्त्राण तिने पोटाशी धरलं होतं, आणि ते तसं धरलेलं तिला मुळीच पसंत नव्हतं. ती मिथुनकडे वळली. "उभा काय राहिलास असा? उचल त्याला. रिक्षा बघ."